मित्रबुरशीला उष्णता किती सोसते : तपासणीपासून फवारणीपर्यंत

तुतीच्या पाल्यावर रेशीम अळ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला मस्कार्डाइन हा रोग चांगला ठाऊक असतो. या रोगाने मेलेली अळी खडूसारखी पांढरी आणि कडक होते. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हा रोग संगोपनगृहात बळावतो आणि ऊन तापू लागले की ओसरतो. या रोगामागे एक बुरशी आहे, हे इटलीतील अगोस्टिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवले आणि पुढे त्या बुरशीच्या नावातच त्यांचे नाव कायमचे राहिले. तीच बिव्हेरिया बॅसियाना आज पाकिटात भरून मावा, पांढरी माशी आणि अळ्यांच्या नियंत्रणासाठी विकली जाते. रेशीम उत्पादकाला उन्हाळ्यात जो दिलासा मिळतो, तीच कापूस, डाळिंब किंवा भाजीपाला पिकवणाऱ्याची अडचण ठरते, कारण दोन्हींचे मूळ एकच आहे. ही बुरशी थंडाव्यातली आहे आणि उष्णतेत तिचे काम मंदावते किंवा थांबते.

जैविक कीडनाशके तयार करणाऱ्या छोट्या केंद्रात नव्याने कामाला लागलेले तंत्रज्ञ, कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि साधी प्रयोगशाळा उभी केलेले शेतकरी गट यांच्यासाठी हा लेख आहे. बिव्हेरिया, मेटारायझियम, लेकॅनिसिलियम (जुन्या पाकिटांवरचे व्हर्टिसिलियम) आणि नोमुरिया या आपल्याकडे प्रचलित असलेल्या बुरश्यांची उष्णता सोसण्याची क्षमता कशी तपासावी आणि त्या आकड्यांचा शेतात काय अर्थ लावावा, हे त्यात क्रमाने सांगितले आहे.

प्रथम प्रश्न नीट मांडावा

‘ही बुरशी किती तापमान सोसते?’ असा प्रश्न नवखा माणूस विचारतो आणि त्याचे एकच उत्तर मिळावे अशी त्याची अपेक्षा असते. असे एक उत्तर नसते. बुरशीला उष्णता तीन वेगवेगळ्या अवस्थांत गाठते आणि प्रत्येक अवस्थेत तिची ताकद वेगळी असते. पहिली अवस्था पाकिटातल्या कोरड्या बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणांची. त्यांच्यात जीवनक्रिया जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे ते बरीच उष्णता सोसतात. दुसरी अवस्था पाण्यात मिसळलेल्या बीजाणूंची. पाणी शोषून ते जागे झालेले असतात आणि कोरडेपणी ज्या तापमानात ते कित्येक दिवस तग धरतात, तेथे आता तास-दोन तासांत मरू शकतात. तिसरी अवस्था किडीच्या अंगावर अंकुरून शरीरात वाढणाऱ्या बुरशीची. येथे प्रश्न मरण्याचा कमी आणि वाढ थांबण्याचा अधिक असतो.

एखादा विक्रेता आपली बुरशी ४५ अंश सोसते असे सांगतो, तेव्हा ती कोरडी असताना की ओली असताना, आणि किती वेळ, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. माझ्या मते या विषयातील निम्मे गैरसमज या तीन अवस्थांची गल्लत केल्यामुळे होतात.

साहित्य

शीतकपाट, सूक्ष्मदर्शक (४०० पट मोठे दाखवणारा पुरेसा आहे), हिमोसायटोमीटर (बीजाणू मोजण्याची आखीव काचपट्टी), इन्क्युबेटर (ठरावीक तापमान राखणारी पेटी), वॉटर बाथ (ठरावीक तापमानाच्या पाण्याचे पात्र), पेट्री डिश, पोटॅटो डेक्स्ट्रोज अगर हे बुरशी वाढवण्याचे माध्यम, ट्वीन ८० (बीजाणू पाण्यात भिजवणारा साबणासारखा द्रव), काचेच्या पातळ परीक्षानळ्या आणि सिलिका जेल एवढे असले की काम सुरू करता येते. ऑटोक्लेव्ह नसेल तर माध्यम प्रेशर कुकरमध्ये १५ पौंड दाबाखाली २० मिनिटे ठेवून निर्जंतुक करता येते.

या यादीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत स्वस्त आहे. ती म्हणजे खात्रीचा स्वतंत्र थर्मामीटर. वॉटर बाथच्या तबकडीवरील आकड्यावर विश्वास ठेवून मी एकदा आठवडाभराचे सर्व निरीक्षण वाया घालवले आहे. तबकडी ४५ दाखवत होती आणि पाणी त्याहून जास्त गरम होते. या कामात दोन अंशांच्या फरकाने ‘उत्तम’ वाण (एकाच जातीच्या बुरशीचा एक वेगळा प्रकार) ‘निकामी’ ठरू शकतो. थर्मामीटर पाण्यात नव्हे, तर बीजाणू ठेवणार आहोत तशाच, साधे पाणी भरलेल्या परीक्षानळीत बुडवून वाचावा.

पहिली पायरी : सारख्या वयाचे आणि सारख्या माध्यमावरचे बीजाणू

दोन वाणांची तुलना करायची असेल तर दोन्ही एकाच माध्यमावर, एकाच तापमानाला (२५ ते २८ अंश सेल्सिअस) आणि सारखेच दिवस वाढवलेले असावेत. साधारण १२ ते १५ दिवसांत बीजाणूंचा थर पूर्ण पिकतो. मेटारायझियमचा थर गडद हिरवा होतो, बिव्हेरियाचा पिठासारखा पांढरा राहतो.

ही अट केवळ शिस्तीसाठी नाही. बीजाणूंची उष्णता सोसण्याची क्षमता वाणावर जितकी अवलंबून असते, तितकीच ते कशावर आणि कसे वाढले यावरही अवलंबून असते. बुरशी बीजाणूंमध्ये ट्रेहॅलोज ही शर्करा आणि मॅनिटॉल साठवते. उष्णतेत पेशीतील प्रथिने आणि आवरणे बिघडू नयेत यासाठी हे पदार्थ उपयोगी पडतात. अन्नाची चणचण असलेल्या माध्यमावर तयार झालेले बीजाणू संख्येने कमी, पण उष्णतेला अधिक कणखर निघतात, असे मेटारायझियमवरील प्रयोगांत स्पष्ट दिसले आहे. भरपूर अन्नावर वाढलेले बीजाणू ढीगभर मिळतात, पण ते नाजूक असतात. उत्पादन वाढवण्याच्या नादात माध्यम अधिकाधिक सकस करत जाणाऱ्या केंद्राने हे लक्षात ठेवावे, कारण तेथे मोजणीचा आकडा वाढतो आणि उन्हाळ्यात तक्रारीही वाढतात.

मूळ वाण वारंवार एका डिशमधून दुसऱ्या डिशमध्ये बदलत राहू नये. अनेक पिढ्या कृत्रिम माध्यमावर काढल्यानंतर बीजाणू कमी येऊ लागतात, पांढरी कापसासारखी वाढ वाढते आणि रोगकारकताही घसरते. मूळ वाणाच्या अनेक छोट्या कुप्या एकदाच गोठवून ठेवाव्यात, प्रत्येक हंगामाला एक उघडावी आणि अधूनमधून बुरशी जिवंत किडीतून काढून ताजी करावी. ज्यांच्याकडे अतिशीत साठवणीची सोय नाही, त्यांनी मान्यताप्राप्त संग्रहाकडून वाण घेणे बरे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तर बेंगळुरूची राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्यूरो ही संस्था जैविक कीड नियंत्रणातच काम करते.

दुसरी पायरी : उगवण मोजण्याचा हात बसवणे

पुढील सर्व तपासण्या एकाच कौशल्यावर उभ्या आहेत, ते म्हणजे शंभरातील किती बीजाणू अंकुरतात हे मोजणे. उष्णतेच्या प्रयोगाला हात घालण्यापूर्वी ताज्या बीजाणूंची उगवण सलग तीन-चार वेळा मोजावी आणि प्रत्येक वेळी आकडा जवळपास सारखा येईपर्यंत पुढे जाऊ नये.

मेटारायझियम आणि बिव्हेरिया यांचे बीजाणू पाण्याला नाखूश असतात. साध्या पाण्यात टाकले तर ते वर तरंगतात आणि गुठळ्या करतात. म्हणून निर्जंतुक पाण्यात ०.०१ टक्के ट्वीन ८० मिसळावे, म्हणजे एका लिटरला ०.१ मिलिलिटर. त्यानेही बीजाणू भिजत नसतील तर प्रमाण ०.०५ टक्क्यांपर्यंत वाढवता येते, पण मग त्या प्रयोगातील सर्व नमुन्यांना तेच प्रमाण ठेवावे. लेकॅनिसिलियमचे बीजाणू मात्र पाण्यात सहज मिसळतात.

द्रावण चांगले हलवून हिमोसायटोमीटरमध्ये मोजावे. मधल्या चौकोनाच्या २५ घरांतील एकूण बीजाणूंना १०,००० ने गुणले की एका मिलिलिटरमधील संख्या मिळते. उगवण तपासणीसाठी दर मिलिलिटर सुमारे १० लाख बीजाणू ठेवावेत. याहून दाट ठेवले तर अंकुरनलिका एकमेकींत गुंततात आणि मोजणी अशक्य होते. या द्रावणाचे २० मायक्रोलिटरचे थेंब माध्यमावर टाकावेत, डिश २५ ते २८ अंशांवर ठेवावी आणि २४ तासांनी थेंबावर लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हे निळे रंगद्रव्य टाकून वाढ थांबवावी. अंकुरनलिकेची लांबी बीजाणूच्या रुंदीपेक्षा जास्त झाली असेल तरच तो बीजाणू ‘उगवला’ असे धरावे. प्रत्येक डिशमध्ये किमान ३०० बीजाणू मोजावेत आणि प्रत्येक नमुन्याच्या किमान तीन डिश असाव्यात. शंभर मोजून थांबण्याचा मोह होतो, पण तेवढ्यावरून काढलेला टक्का फार हेलकावतो.

उष्णतेतून वाचलेले बीजाणू उशिरा उगवतात. २४ तासांनी मेलेले वाटणारे काही बीजाणू ४८ तासांनी अंकुरलेले दिसतात, कारण मधला वेळ ते झालेले नुकसान दुरुस्त करण्यात घालवतात. म्हणून २४ आणि ४८ तास अशी दोन निरीक्षणे अनिवार्य समजावीत. ४८ तासांत न तापवलेल्या नमुन्यातील धागे इतके माजतात की काहीच मोजता येत नाही. परदेशी प्रयोगशाळा यासाठी माध्यमात बेनोमिल हे बुरशीनाशक अत्यल्प घालतात, त्यामुळे बीजाणू अंकुरतो पण पुढे पसरत नाही. भारतात २०१८ पासून बेनोमिलवर कीडनाशक म्हणून बंदी आहे, त्यामुळे ते कृषी सेवा केंद्रात मिळणार नाही. सोपा उपाय असा की ४८ तासांसाठी स्वतंत्र डिश ठेवावी आणि तिच्यावर दहापट पातळ द्रावण टाकावे.

उशिरा उगवणे ही किरकोळ गोष्ट मानू नये. शेतात पानावर किंवा किडीच्या अंगावर ओलावा जेमतेम रात्रभर टिकतो. जो बीजाणू अंकुरायला दोन दिवस घेतो, तो प्रयोगशाळेत जिवंत असला तरी शेतात बहुतेक वेळा निरुपयोगी ठरतो.

तिसरी पायरी : ओल्या बीजाणूंची ४५ अंशांची परीक्षा

वाणांची चाळणी करण्यासाठी ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे. वॉटर बाथ ४५ अंशांवर स्थिर होऊ द्यावा. पातळ परीक्षानळ्यांत ट्वीनचे ४ मिलिलिटर पाणी भरून त्या आधीच बाथमध्ये ठेवाव्यात, म्हणजे आतले पाणीही ४५ अंशांवर येईल. मग प्रत्येक नळीत दाट द्रावणाचा १ मिलिलिटर टाकावा. हे द्रावण दर मिलिलिटर सुमारे ५० लाख बीजाणूंचे ठेवले तर मिसळल्यावर संख्या नेमकी १० लाखांवर येते. बीजाणू टाकल्या क्षणापासून वेळ धरावी. थंड द्रावणाची नळी बाथमध्ये ठेवून लगेच घड्याळ लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, कारण पहिली काही मिनिटे द्रावण तापण्यातच जातात आणि कमी वेळेच्या नमुन्यांचे आकडे खोटे चांगले येतात.

३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी नमुना काढून लगेच थंड पाण्यात बुडवावा आणि त्याचे थेंब माध्यमावर टाकावेत. न तापवलेली तुलनेची नळी तितकाच वेळ २५ अंशांवर असावी. पाण्याची पातळी नळीतील द्रावणाच्या वर राहील याची काळजी घ्यावी आणि दर पंधरा मिनिटांनी नळी हलवावी, नाहीतर बीजाणू तळाशी बसतात.

निकाल सापेक्ष उगवणीत मांडावा. समजा न तापवलेल्या नमुन्यात १०० पैकी ९२ बीजाणू उगवले आणि ६० मिनिटांनंतर ४६ उगवले, तर सापेक्ष उगवण ५० टक्के झाली. तुलनेच्या नमुन्याची उगवणच ८५-९० टक्क्यांच्या खाली असेल तर तो माल उष्णतेच्या परीक्षेला बसवण्याच्या लायकीचा नाही असे समजून पुन्हा ताजे बीजाणू घ्यावेत. संपूर्ण प्रयोग किमान तीन वेळा, दर वेळी नव्याने वाढवलेल्या बीजाणूंवर करावा. एकाच डिशमधले बीजाणू तीन नळ्यांत टाकले म्हणजे प्रयोग तीनदा झाला असे होत नाही.

वाणावाणांतील फरक पाहून नवखा माणूस थक्क होतो. एका वाणाचे बीजाणू तासाभरात जवळजवळ संपतात, तर त्याच जातीच्या दुसऱ्या वाणाचे दोन तासांनंतरही निम्म्याहून अधिक उगवतात. म्हणून ‘मेटारायझियम उष्णता सोसते, बिव्हेरिया सोसत नाही’ अशी जातीवर बेतलेली विधाने टाळावीत. उष्ण भागातील मातीतून मिळालेले वाण अनेकदा कणखर असतात, पण हमखास नसतात. मोजल्याशिवाय गावाच्या नावावर भरवसा ठेवू नये.

चौथी पायरी : कोरड्या भुकटीची परीक्षा

ही परीक्षा गोदाम, वाहतूक आणि दुकान यांच्यासाठी आहे. बीजाणू सिलिका जेलवर वाळवून छोट्या हवाबंद कुप्यांत भरावेत, काही कुप्या ४० अंशांवर ठेवाव्यात, काही शीतकपाटात, आणि दर आठवड्याला प्रत्येकातील एक उघडून उगवण मोजावी. शीतकपाटातील कुप्या तुलनेसाठी लागतात.

येथे तापमानापेक्षाही ओलावा निर्णायक ठरतो. बीजाणूंतील ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास आणला तर ते उष्णतेत कितीतरी अधिक टिकतात. तोच माल थोडा दमट राहिला तर त्याच तापमानात झपाट्याने मरतो. केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या निकषांनुसार भुकटी स्वरूपातील उत्पादनात ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि दर ग्रॅमला किमान १० कोटी जिवंत घटक असावेत. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात माल पाठवायचा असेल तर ८ टक्क्यांवर समाधान मानू नये. वाळवणे मात्र सावलीत, ३० अंशांच्या आत आणि कोरड्या हवेत व्हावे. उन्हात पसरून वाळवलेली मेटारायझियमची भुकटी हिरवीगार दिसते आणि तिच्यातले निम्मे बीजाणू मेलेले असू शकतात, कारण रंग उगवणीबद्दल काहीच सांगत नाही.

अतिशय कोरडे बीजाणू एकदम थंड पाण्यात टाकले तर पाणी झपाट्याने आत शिरताना त्यांचे आवरण फाटते आणि चांगला मालही कमी उगवतो. शीतकपाटातून काढलेली कोरडी भुकटी थेट थंड पाण्यात मिसळून उगवण मोजणारा माणूस म्हणूनच आपल्या मालाला विनाकारण नापास करतो. कुपी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. नंतर भुकटी दमट हवेच्या बंद डब्यात तासभर ठेवावी किंवा ती सुमारे ३३ अंशांच्या कोमट पाण्यात मिसळावी. उष्णतेला भिणाऱ्या बुरशीला कोमट पाणी मानवते, हे प्रथम ऐकताना विचित्र वाटते.

पाचवी पायरी : कोणत्या तापमानाला किती वाढते

माध्यमाच्या मध्यभागी बुरशीचा छोटा गोल तुकडा ठेवून डिश २५, २८, ३०, ३२, ३४ आणि ३६ अंशांवर ठेवाव्यात आणि दहा दिवस वसाहतीचा व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजावा. इन्क्युबेटर दोनच असतील तर तापमाने एकामागून एक घ्यावीत, पण प्रत्येक वेळी २८ अंशांची तुलना सोबत हवी.

बहुतेक वाण २५ ते ३० अंशांत उत्तम वाढतात, ३२ नंतर मंदावतात आणि ३५ च्या आसपास जवळजवळ थांबतात. मेटारायझियमचे काही वाण ३७ अंशांवरही थोडे वाढतात. ३६ अंशांवर काहीच न वाढलेल्या डिश फेकू नयेत. त्या पुन्हा २८ अंशांवर ठेवून पाहाव्यात. बुरशी पुन्हा वाढू लागली तर ती फक्त थांबली होती, नाही वाढली तर मेली होती. शेतासाठी हा फरक महत्त्वाचा आहे, कारण शेतात तापमान दिवसभर एकसारखे राहत नाही. खरिपात दुपारी ३४ अंश असले तरी रात्री २३-२४ होते, आणि दुपारी थांबलेली बुरशी संध्याकाळनंतर पुन्हा कामाला लागते. कीड मरायला अधिक दिवस लागतात, पण मरते. म्हणून शक्य असेल तर एक संच दिवसा ८ तास ३५ अंशांवर आणि उरलेला वेळ २५ अंशांवर ठेवून पाहावा. एकसारख्या तापमानाच्या दहा डिशपेक्षा ही एक जोडी शेताबद्दल अधिक सांगते.

सहावी पायरी : किडीवर खात्री

उगवण आणि वाढ चांगली असलेला वाण कीड मारतोच असे नाही, म्हणून शेवटची कसोटी जिवंत किडीवर घ्यावी. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यांत सापडणाऱ्या मेणपतंगाच्या अळ्या यासाठी सोयीच्या असतात. त्या सहज वाढवता येतात आणि ३०-३२ अंशांतही मजेत राहतात, त्यामुळे अळी उष्णतेने मेली की बुरशीने, असा घोळ कमी होतो. तरीही केवळ ट्वीनच्या पाण्यात बुडवलेल्या अळ्यांचा गट प्रत्येक तापमानाला हवाच. मेलेल्या अळ्या ओल्या टिपकागदावर ठेवून त्यांच्या अंगावर बुरशी उगवते का ते पाहावे. जी अळी बुरशीने झाकली जात नाही, ती आपल्या खात्यात धरू नये. रेशीम संगोपनगृह जवळ असेल तर हे काम तेथे करू नये, आणि भुकटी हाताळताना तोंडाला मास्क असावा, कारण बीजाणूंची ॲलर्जी होऊ शकते.

कीड स्वतःही उष्णतेचा वापर करते. बुरशीची लागण झालेले टोळ उन्हात बसून आपले शरीर ४० अंशांच्या आसपास तापवतात आणि बुरशीची वाढ रोखून धरतात. आपल्याला ताप येतो, तसा हा त्यांनी ओढवून घेतलेला ताप असतो. आफ्रिकेतील टोळांसाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या लुबिलोसा प्रकल्पाला याच अडचणीशी झगडावे लागले. त्यातून मेटारायझियम ॲक्रिडम ही उष्ण प्रदेशातील, टोळवर्गीय किडींपुरती मर्यादित असलेली बुरशी निवडली गेली आणि तिचे कोरडे बीजाणू पाण्याऐवजी तेलात मिसळून वापरण्यात आले. ज्या २०२० सालात टोळधाड विदर्भापर्यंत पोहोचली, त्याच वर्षी सोमालियात टोळांविरुद्ध याच बुरशीची फवारणी झाली.

आकड्यांचा शेतातला अर्थ

आपल्याकडे बहुतेक भुकट्यांची शिफारस लिटरला ५ ग्रॅम अशी असते. दर ग्रॅमला १० कोटी धरले तर ५ ग्रॅममध्ये ५० कोटी, म्हणजे एका मिलिलिटरला ५ लाख बीजाणू होतात. प्रयोगशाळेत किडी मारताना सहसा मिलिलिटरला १ कोटी किंवा त्याहून अधिक बीजाणू वापरतात. म्हणजे शेतातील मात्रा मुळातच काटकसरीची आहे आणि उष्णतेने त्यातले निम्मे मारले तर उरतात अडीच लाख. दुकानाच्या उन्हाच्या कोपऱ्यात पडलेले पाकीट हे त्यामुळे ‘थोडे कमी गुणाचे’ नसते, ते पुष्कळदा निरर्थक असते. शेतकरी बुरशीला दोष देतो आणि पुढच्या वेळी रासायनिक औषधाकडे वळतो.

माल पाठवताना उन्हाळ्यात रात्रीची गाडी पाहावी, पाकिटे थर्माकोलच्या पेटीत ठेवावीत आणि उन्हात उभ्या टेम्पोत ती एक तासही राहू देऊ नयेत. शेतकऱ्याकडे शीतकपाट नसेल तर ओल्या वाळूतल्या माठात किंवा विटा-वाळूच्या शून्य ऊर्जा शीतकक्षात पाकिटे ठेवता येतात, पण तेथे हवा दमट असल्यामुळे पाकीट हवाबंद डब्यात घालणे आवश्यक आहे. नाहीतर उष्णतेपासून वाचवलेला माल ओलाव्याने जातो.

फवारणीचे द्रावण ही सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. सकाळी मिसळलेले द्रावण दुपारपर्यंत काळ्या टाकीत उन्हात ठेवले तर टाकीतले पाणी सहज ४० अंशांच्या वर जाते, आणि आपण तिसऱ्या पायरीत मुद्दाम घेतलेली परीक्षा तेथे नकळत घेतली जाते. उन्हात पडलेल्या नळीतून येणारे पहिले पाणीही तितकेच गरम असते, ते सोडून द्यावे. द्रावण फवारणीच्या वेळीच तयार करावे आणि दोन तासांत संपवावे.

फवारणी संध्याकाळी, शक्य तर पिकाला पाणी दिल्यानंतर करावी. पुढचे बारा-चौदा तास तापमान कमी, हवा दमट आणि अतिनील किरणे नाहीत, असा अवधी बीजाणूंना मिळतो, आणि किडीच्या त्वचेत शिरण्यासाठी त्यांना तेवढाच हवा असतो. एकदा बुरशी आत शिरली की उन्हाची किरणे तिला गाठत नाहीत. मक्यावरील लष्करी अळीसाठी नोमुरिया वापरताना द्रावण पोंग्यात जाईल असे फवारावे, कारण पोंग्यातील ओल आणि सावली बुरशीच्या बाजूने काम करतात. सोयाबीनवर ही बुरशी ऑगस्ट-सप्टेंबरच्या ढगाळ, दमट दिवसांत आपोआपच साथ पसरवते. मेळघाटापासून कोल्हापूरपर्यंत पांढरट-हिरव्या होऊन पानाला चिकटलेल्या अळ्या पाहिलेल्या शेतकऱ्याला हा योग्य हंगाम वेगळा सांगावा लागत नाही. मार्च ते मे या काळात मात्र, शेडनेट किंवा दाट सावलीचे पीक सोडल्यास, मी पानांवर बुरशी फवारण्याचा सल्ला देत नाही.

जमिनीत गणित बदलते. मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापतो आणि त्यावर टाकलेले मेटारायझियम वाचत नाही. पण वळीव पडून भुंगेरे बाहेर आल्यानंतर, म्हणजे जून-जुलैत, ऊसाच्या सावलीतील ओल्या मातीत बोटभर खाली बुरशीला मानवणारे तापमान असते आणि हुमणीच्या लहान अळ्याही तेथेच असतात. भुकटी शेणखतात मिसळून देताना खत पूर्ण कुजलेले आणि थंड असावे. अर्धवट कुजलेला ढीग आतून ५५-६० अंशांपर्यंत तापलेला असतो आणि ‘बुरशी वाढावी’ म्हणून आठवडाभर त्यात मुरवत ठेवलेले मेटारायझियम शेतात पोहोचण्यापूर्वीच मरते. ढिगात कोपरापर्यंत हात घालावा, आत ऊब लागली तर खत आणखी महिनाभर कुजू द्यावे आणि भुकटी तोवर पाकिटातच ठेवावी.